शाळा-कॉलेजात वापर कमी करायचाय? खरेदीच्या फाइलपासून सुरुवात करा

शाळेत पर्यावरणाचं काम माझ्याकडे आलं, त्या पहिल्या वर्षी मी तेच केलं जे बहुतेक शाळांत होतं. मुलांकडून पोस्टर करून घेतली, घोषणा बसवल्या, प्रत्येक वर्गात एक हिरवी आणि एक निळी बादली ठेवली. पोस्टरसाठी कार्डशीट नवी आणली, बादल्याही नव्या आणल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर बादल्या उघडून पाहिल्या तर दोन्हींत एकच माल: वेफरची पाकिटं, पेन्सिलींचा भुसा, ज्यूसची खोकी आणि डब्यातली अर्धी पोळी. मुलांवर चिडण्यात अर्थ नव्हता. सफाई करणाऱ्या मावशी संध्याकाळी दोन्ही बादल्या एकाच काळ्या पिशवीत ओतत होत्या, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या वर्षी ऑफिसात बसून वर्षभराची बिलं चाळली. शाळेत कोणती वस्तू येणार हे मुलं ठरवतच नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं. ते ठरतं क्लार्कच्या टेबलावर, कॅन्टीनच्या करारात, स्नेहसंमेलनाच्या समितीत आणि कॉलेजात जर्नलचे नियम घालून देणाऱ्या विभागात. म्हणून या लेखातला क्रम नेहमीच्या उलट आहे. फाइल आधी, बादली खूप नंतर.

मुंबईत याची गरज का, हे मुलांना सांगताना मी देवनारपासून सुरू करते. तिथलं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून या शहराचा कचरा घेत आलंय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि धुरामुळे आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. एका शाळेने फेकलेला कप दुसऱ्या शाळेत धूर होऊन पोहोचतो, हे सातवीतल्या मुलांना लगेच कळतं.

आधी जमवायच्या गोष्टी

- मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं. शहरात बेस्टची, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा पॉवरची
- महापालिकेची पाण्याची बिलं
- कॅन्टीनचा करार, त्याची मुदत संपण्याची तारीख ठळक करून
- स्टेशनरी आणि झेरॉक्सची बिलं, खरेदीची दरपत्रकं
- जड संग्रह नोंदवही, म्हणजे आपलं डेड स्टॉक रजिस्टर
- हुकचा ताणकाटा, एक ताडपत्री, रबरी हातमोजे, मास्क, एक दोनशे पानी वही

काटा भंगारवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणता येतो. नवा घेऊ नका.

१. परवानगी घ्या, आणि ती कागदावर घ्या

आम्ही तोंडी होकारावर काम सुरू केलं आणि तीन महिन्यांत मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. नव्या मॅडमना सगळं पहिल्यापासून समजावण्यात अर्ध वर्ष गेलं. हे टाळायचं असेल तर ठराव करून घ्या.

शाळा व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यापुढे विषय ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि खर्च वाचतोय म्हटल्यावर पालक लवकर साथ देतात. समिती नसेल तिथे पालक-शिक्षक संघ. कॉलेजात प्राचार्यांकडे जाण्याआधी आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना भेटा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, तपासणीत पर्यावरण आणि ऊर्जेच्या ऑडिटबद्दल विचारणा असते, त्यामुळे तुमचं काम त्यांनाही हवंच असतं. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना वर्षाला १२० तासांचं काम करायचं असतं. ते तास मोजणीला आणि खताला लावता येतात, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

ठरावाचा मसुदा आम्ही असा केला होता, हवा तर घ्या: "एकदा वापरून फेकायच्या वस्तूंची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करणे, दुरुस्ती शक्य असेल तेथे नवीन खरेदी न करणे, आणि दर सहामाहीस वापराचा आढावा समितीपुढे ठेवणे." तीन ओळी पुरतात. लांबलचक धोरण लिहिलंत तर ते फाइलमध्येच राहील.

२. एक आठवडा मोजा, पण कचऱ्याचं मूळ बघून

सोमवार ते शुक्रवार, रोज शाळा सुटल्यावर. परीक्षेचा किंवा दहीहंडीचा आठवडा धरू नका, आकडे खोटे येतात. आठवीच्या खालची मुलं घेऊ नका, आणि शौचालयातला कचरा मुलांच्या हाती अजिबात देऊ नका.

सगळीकडे प्लास्टिक, कागद, ओला असे ढीग करायला सांगतात. मी वेगळं सुचवते. ढीग करा ते कचरा कुठून आला यावरून: कॅन्टीनमधून, घरच्या डब्यातून, ऑफिसातून, वर्गातून, कार्यक्रमातून. प्रत्येक ढीग वजन करा, फोटो काढा, वहीत लिहा. "प्लास्टिक चार किलो" या आकड्यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही. "कॅन्टीनमधून आलेले कप आणि चमचे चार किलो" हे कळलं की कुणाशी बोलायचं ते ठरतं.

आणि मोजणीच्या आधी मावशींसोबत चहा घेऊन बसा. कुठल्या मजल्यावर डबे जास्त टाकले जातात, कुठल्या दिवशी खिचडी परत जाते, स्टाफरूममधून काय निघतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. आमच्या पाच दिवसांच्या मोजणीने त्यांनी पंधरा मिनिटांत सांगितलेलंच सिद्ध केलं. त्यांचा वेळ जास्त लागणार असेल तर त्याचे पैसे ठरावातच धरा.

३. खरेदीची फाइल

क्लार्कच्या शेजारी बसून तीन रंगांनी खुणा करा. एकदा वापरून संपणाऱ्या वस्तूंना लाल, दुरुस्त होऊ शकल्या असत्या त्यांना निळी, गरज नसताना आलेल्यांना हिरवी. आमच्याकडे निळ्या खुणा बघून मी थक्क झाले. वेत तुटला म्हणून बदललेल्या खुर्च्या, कपॅसिटर गेला म्हणून काढलेले पंखे. कपॅसिटर बदलायला किरकोळ खर्च येतो. महिन्यातून एक दिवस सुतार आणि एक दिवस इलेक्ट्रिशियन ठरवा, आणि शिक्षकांना बिघाड लिहायला एक वही ठेवा. तक्रार लिहायची सोय नसते म्हणून वस्तू कोपऱ्यात जातात, आणि कोपऱ्यात गेलेली वस्तू परत येत नाही.

क्लार्कना या कामाचे शत्रू समजू नका. तीन दरपत्रकांतलं सर्वांत स्वस्त घ्यायचं, हा नियम त्यांनी पाळायचाच असतो. बदल करायचा तो दरपत्रक मागवायच्या पत्रात. "पेन" ऐवजी "रिफिल बदलता येणारं पेन", "पंखा" ऐवजी "२८ ते ३५ वॉटचा बीएलडीसी पंखा" (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असं लिहिलं की सर्वांत स्वस्त निवडूनही योग्य वस्तू येते.

४. कॅन्टीन

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

साधा हिशेब मांडा. दिवसाला ३०० कप आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर ६६,००० कप होतात. कागदी कपाच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे रद्दीवाला तो घेत नाही आणि खताच्या खड्ड्यात तो पूर्ण कुजत नाही. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवर आणि प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे, देशभरात काट्या-चमच्यांसारख्या एकदा वापरायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२ पासून. ती बंदी आली तेव्हा बऱ्याच कॅन्टीननी प्लास्टिक सोडून कागद धरला. फेकणं तेवढंच राहिलं.

कॅन्टीनवाल्या दादांशी भांडायला जाऊ नका. त्यांचं गणित समजून घ्या. स्टीलचे ग्लास ठेवले तर धुवायला माणूस लागतो, सिंक लागतं, पाणी लागतं, आणि मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत दोनशे मुलं समोर उभी असतात. आमच्याकडे जे जमलं ते असं:

शाळेने एक मोठं सिंक आणि नळ बसवून दिला. भाड्यात थोडी सूट दिली, त्यातून दादांनी धुण्यासाठी एक बाई ठेवल्या. ग्लास आणि ताटल्या शाळेच्या मालकीच्या, नोंदवहीत चढवलेल्या. परत करायची जागा कॅन्टीनच्या दाराशी नाही, तर मुलं वर्गाकडे जातात त्या जिन्याच्या तोंडाशी. ही जागा ठरवायला आम्हाला दोन महिने लागले. आधी टेबल आत होतं तेव्हा ग्लास बाकाखाली सापडायचे, जिन्यापाशी आणल्यावर गहाळ होणं जवळजवळ थांबलं.

हे सगळं नव्या करारात अट म्हणून आलं पाहिजे. करार संपण्याच्या तीन महिने आधी बोलणी सुरू करा. मुदत मध्येच असेल तर तोवर फक्त चहापासून सुरुवात करा.

तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, वडापाव वर्तमानपत्रात गुंडाळणं. कप-ताटल्या बंद झाल्या की हे हमखास सुरू होतं. छपाईची शाई अन्नात उतरते आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात द्यायला मनाई आहे, तेव्हा स्टीलची ताटली किंवा पळसाच्या पानांचा द्रोण. दुसरं, शाळेतर्फे सगळ्या मुलांना नव्या स्टीलच्या बाटल्या वाटणं. बहुतेकांकडे घरी एक आहेच. ज्यांच्याकडे नाही, त्यांची चौकशी वर्गशिक्षकांनी गुपचूप करावी. तिसरं, बाटलीबंद पाणी बंद करणं, पण नळाच्या पाण्याची खात्री न देणं. मुलं विकतचं पाणी घेतात कारण कूलर शौचालयाला लागून असतो आणि टाकी कधी धुतली ते कुणालाच माहीत नसतं. कूलरची जागा बदला, टाकी धुतल्याची तारीख त्याच्यावर लिहा, पाणी तपासून घ्या आणि अहवाल शेजारी लावा. आमच्याकडे तारीख लिहिल्यानंतर घरून स्वतःची बाटली आणून कूलरवर भरणाऱ्या मुलांची संख्या महिन्याभरात वाढली.

पोषण आहार असेल तिथे एक आठवडा परत गेलेली खिचडी तोला. सरकारी प्रमाण पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्याचं आहे, पण पहिलीतलं पोर आणि पाचवीतलं पोर सारखं खात नाही. "आधी अर्धा डाव, मग लागेल तेवढं मागून" एवढा एकच बदल करून बघा. वाढणाऱ्या ताईंना मात्र स्पष्ट सांगा की मागितल्यावर हात आखडायचा नाही. मुलांच्या पोटातून कपात करायची नाही.

५. कागद

शाळेत: पाठकोऱ्या कागदांसाठी झेरॉक्स मशीनशेजारी एक खोकं. वर्षाअखेरीला त्यांच्या कच्च्या वह्या बांधून घ्या. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानंही एप्रिलमध्ये फाडून घ्या, प्रत्येक वहीत चार-पाच निघतातच.

कॉलेजात मोठी जागा म्हणजे प्रोजेक्ट आणि जर्नल. एका बाजूला छपाई, मोठं मार्जिन, स्पायरल, वर प्लास्टिकचं कव्हर, आणि तोंडी परीक्षा झाली की सगळं कपाटावर. विभागप्रमुखांना एकच विनंती करा: "दोन्ही बाजूंना छापलेलं आणि टाचणी मारलेलं चालेल" असं सूचनेत लिहून द्या. मुलांचे पैसे वाचतात, त्यामुळे विद्यार्थी प्रतिनिधी हे पत्र आनंदाने घेऊन जातात. यासाठी विद्यापीठाकडे जाण्याची बहुधा गरज पडत नाही, कारण सवय विभागाचीच असते.

एक गंभीर धोका. ऑफिसची रद्दी जशीच्या तशी देऊ नका. प्रवेशअर्जांसोबत आधारच्या प्रती असतात, जातीचे दाखले असतात, पालकांचे फोन नंबर असतात. असे कागद वेगळे काढून फाडूनच द्या. उत्तरपत्रिका किती काळ ठेवायच्या हे ठरलेलं असतं, मुदत संपल्याची सही घेतल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

६. वीज आणि पाणी

हे सोपं आहे. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज सहा तास, वर्षाचे २२० दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे ५९ युनिट वाचतात. पण चालणारे पंखे काढून नवे लावू नका. जो जळेल त्याच्या जागी नवा, असा नियम करा. ट्यूबलाइटचंही तेच.

बटणांवर खुणा करा. एका वर्गात आठ बटणं असतात आणि कुठलं कशाचं हे माहीत नसल्यामुळे सगळी चालू होतात. खिडकीकडच्या दिव्यांच्या बटणावर पिवळा ठिपका लावा.

पाण्यासाठी मुलांना गळक्या नळाखाली बाटली लावून दहा मिनिटं मोजायला सांगा आणि दिवसाचा गुणाकार फळ्यावर करा. मग तानसा, भातसा, वैतरणा नकाशावर दाखवा. हे पाणी किती लांबून येतं ते बघितलेलं मूल नळ नीट बंद करतं, हा माझा अनुभव आहे.

७. गणवेश आणि पुस्तकांची देवाणघेवाण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा. जूनमध्ये ठेवली तर तोपर्यंत पालकांनी नवं घेतलेलं असतं. गणवेश धुऊन, इस्त्री करून, मापाची चिठ्ठी लावून मागवा. पुस्तकांची आवृत्ती तपासा, अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतोय आणि जुनं पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाची पंचाईत होते. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, तेव्हा खरी गरज नववी-दहावीला आणि पुढे कॉलेजात असते.

सगळ्यात महत्त्वाचं: याला "गरजू मुलांसाठी" असं नाव चुकूनही देऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही दिलं आणि कुणीच आलं नाही. पुढच्या वर्षी "अदलाबदल" म्हटलं, शिक्षकांनी स्वतःच्या मुलांचे कपडे आणले आणि तिथूनच नेले. मग पालक आले.

८. ओला कचरा आणि खत

आता बादल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. लहान शाळेलाही जमतं.

एक भाग ओला, दोन ते तीन भाग वाळलेला पाला. फळांची सालं, भाजीची देठं, चहाचा चोथा चालतो. तेलकट आणि मांसाहारी नको, उंदीर-घुशी येतात. वर बारीक जाळी हवीच. दोन ते अडीच महिन्यांत खत तयार होतं.

मुंबईची अडचण म्हणजे पाऊस. शाळा जूनमध्ये उघडते, उत्साहाने खड्डा सुरू होतो आणि जुलैत त्याचा चिखल होतो, वास सुटतो, शेजारची सोसायटी तक्रार करते. सुका पाला तेव्हा मिळत नाही. म्हणून फेब्रुवारी ते मे आवारातला पाला जाळू न देता गोण्यांत भरून कोरड्या खोलीत ठेवा. आणि खड्ड्यापेक्षा छपराखालचे भोकांचे ड्रम बरे.

सुका कचरा मावशींच्या किंवा कचरावेचक ताईंच्या हाती जाऊ द्या, विक्रीचे पैसे त्यांचे. मुंबईत स्त्री मुक्ती संघटना परिसर विकास कार्यक्रमातून कचरावेचक महिलांसोबत बरीच वर्षं हे काम करते आहे. तुमच्या वॉर्ड ऑफिसातल्या घनकचरा व्यवस्थापन खात्यात लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. परळ एफ दक्षिणमध्ये येतं, दादर पश्चिम जी उत्तरमध्ये. चुकीच्या वॉर्डात दिलेलं पत्र तिथेच राहतं. सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात, आणि त्या डब्याची जबाबदारी कोणाची ते नावाने ठरवा.

९. बंद पडलेले संगणक

यांना परस्पर भंगारात देऊ नका. नोंदवहीतली वस्तू निर्लेखनाचा (नोंदीतून रीतसर काढून टाकण्याचा) ठराव झाल्याशिवाय बाहेर गेली तर ऑडिटमध्ये तुमचं नाव येतं. आधी निर्लेखन, मग हार्ड डिस्कमधली माहिती पुसणं, मग अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे देऊन पावती. वेळ लागतो. कंटाळू नका.

१०. स्नेहसंमेलन आणि फेस्ट

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वर्षभराची कमाई दोन दिवसांत जाऊ शकते. फलकावर साल आणि तारीख छापू नका, "वार्षिक स्नेहसंमेलन" एवढंच लिहा. आमचा कापडी फलक पाचव्या वर्षी वापरतोय. तारखेची पट्टी वेगळी, वर टाचायची. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी मुलांनी केलेल्या खताची कापडी पुडी देतो, आणि पाहुणे ती घेऊन जातात.

कॉलेज फेस्टमध्ये प्रायोजक येताना फ्लेक्स, पत्रकं आणि वाटायच्या पिशव्या घेऊन येतात. नंतर नाही म्हणता येत नाही. प्रायोजकाला पहिलं पत्र जातं त्यातच लिहा: फ्लेक्स नाही, वाटप नाही, उरलेलं साहित्य त्यांनीच परत न्यायचं. एखादा प्रायोजक जाईल. फेस्टच्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते ऐनवेळी घाबरणार नाहीत.

११. मे महिन्याच्या सुट्टीआधी

बरंचसं काम इथे तुटतं. खताचे ड्रम ओले कोण ठेवणार, हे वॉचमन काकांशी बोलून आणि थोडं मानधन ठरवून जा. ग्लास-ताटल्या मोजून कपाटात, किल्ली ऑफिसात, कपाटाला बाहेरून यादी. बिघाडाच्या वहीतली राहिलेली कामं सुतारांना सुट्टीत करायला द्या. कूलरची टाकी धुण्याची तारीख शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यातली घाला.

आणि वजनांची वही दोन माणसांना दाखवून ठेवा, त्यातलं एक ऑफिसमधलं असू दे. पुढच्या जूनमध्ये तुमची बदली झाली किंवा तुम्हाला वेगळा वर्ग मिळाला, तरी ऑगस्टमध्ये हीच कचऱ्याची मोजणी ते पुन्हा करू शकतील.